अर्धशिशी आणि डिप्रेशन: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. मला अकरावीपासून अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, आहे, मधली काही वर्षं डिप्रेशनही होतं, दोन्हीची औषधं घेतलीयेत आणि दोन्हीच्या ओपीडीत तासन्‌तास बसलेय. त्यामुळे नात्यात, ऑफिसात, लेकीच्या शाळेतल्या आयांमध्ये कुणाचं डोकं उठलं की फोन मला येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. औषधांची नावं दिलीयेत ती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून, मेडिकलमधून परस्पर आणायला नाही.

डोकं दुखणं आणि मन उदास असणं याचा खरंच काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. मायग्रेन असलेल्या माणसाला डिप्रेशन असण्याची शक्यता मायग्रेन नसलेल्यापेक्षा साधारण दोन ते तीन पट जास्त असते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. ज्यांचं महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतं, म्हणजे क्रॉनिक मायग्रेन, त्यांच्यात तर हे प्रमाण अजून वर जातं. आणि मायग्रेन आपल्याकडे काही दुर्मिळ नाही, शेजारच्या कर्नाटकात घरोघर जाऊन केलेल्या सर्वेक्षणात वर्षभरात मायग्रेन झालेली माणसं २५ टक्क्यांच्या आसपास निघाली, म्हणजे चारात एक. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त. आता हळदीकुंकवाला जमलेल्या बायका डोळ्यासमोर आणा आणि त्यातल्या किती जणी बाम लावून आल्या असतील ते मोजा.

इतकं डोकं दुखल्यावर कोणीही उदास होणारच ना, त्यात वेगळं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि मीही कितीतरी वर्षं हेच म्हणायचे. पण गोष्ट इतकी एकतर्फी नाहीये. अमेरिकेत डेट्रॉइट भागातल्या लोकांवर केलेला एक अभ्यास २००३ मध्ये न्यूरॉलॉजी नावाच्या जर्नलमध्ये आला होता, त्यात लोकांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं. मायग्रेनवाल्यांना नव्याने डिप्रेशन होण्याचं प्रमाण जास्त निघालं, ते अपेक्षितच होतं. पण ज्यांना आधी डिप्रेशन होतं आणि मायग्रेन अजिबात नव्हतं, त्यांना नव्याने मायग्रेन सुरू होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. आणि खरी मेख पुढे आहे. मायग्रेन नसलेली पण तशीच जबरदस्त डोकेदुखी असलेले जे लोक होते, त्यांच्यात हा उलटा रस्ता दिसलाच नाही. म्हणजे दुखण्याने माणूस खचतो एवढंच असतं तर डिप्रेशनमागून मायग्रेन आलं नसतं.

दोन्हीची मुळं काही अंशी एकाच जागी आहेत असं आता मानतात. काही जीन्स दोन्हीत सामाईक आहेत, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं नाव दोन्हीत येतं, झोप आणि ताण सांभाळणारी मेंदूतली यंत्रणा दोन्हीत बिघडलेली असते. आणि त्यावर मग रोजचं जगणं येतं. लग्नाला जायचं ठरवलं आणि त्याच दिवशी डोकं उठलं, असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी माणूस आमंत्रणालाच घाबरतो. अटॅक नसलेल्या दिवशीही पुढच्या अटॅकची धास्ती मनात बसलेली असते, आणि ही धास्ती कुणाला दिसत नाही.

माझं पित्ताचं डोकं आहे, मायग्रेन नाही. बरोबर ना?

आपल्याकडे निम्मी अर्धशिशी पित्त या नावाने खपते. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून 'पित्त पडलं' म्हणतात. माझी आज्जी आयुष्यभर पित्त म्हणाली, कपाळाला सुंठ उगाळून लावायची, फडका करकचून बांधायची आणि माजघरात दार लावून पडायची. आता मागे वळून बघते तर ती शंभर टक्के अर्धशिशी होती, आणि घरात म्हणायचे की आज्जी जरा मनानेच मलूल आहे. मायग्रेन घराण्यात येतं बरं का, त्यामुळे आई-आज्जीला विचारून बघा.

साधारण खुणा अशा की उपचार घेतले नाहीत तर अटॅक ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालतो, बऱ्याचदा एकाच बाजूला, ठणकतं, जिना चढला की वाढतं, मळमळ होते, उजेड आणि आवाज नको होतो. काहींना आधी ५ मिनिटं ते तासभर डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतात, त्याला ऑरा म्हणतात. उलटी हे मायग्रेनचं लक्षण आहे, पित्त हे कारण नाही. चष्म्याचा नंबर आणि सायनस यांच्या नावावरही बरंच खपतं, पण निदान शेवटी डॉक्टरांनीच करायचं.

सुस्त वाटतं, कशात जीव रमत नाही. हे डिप्रेशन की अटॅकचाच भाग?

दोन्ही असू शकतं, आणि ओळखायला फार अवघड जातं कारण बाहेरून सगळं सारखंच दिसतं, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं, फोन न उचलणं, जेवण नको. अटॅकच्या आदल्या दिवशीच काहींना उदास वाटायला लागतं, जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. अटॅक संपल्यावरही एखादा दिवस अंगातून जीव काढून घेतल्यासारखं होतं, आमच्याकडे त्याला डोकं उतरलं पण मी चढले नाही असं म्हणतात.

मला कॅलेंडरने कळलं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकवलेलं असतं, त्यावर दुधाचे खाडे लिहितो आम्ही, त्याच चौकोनात मी लाल पेनाने डोकं दुखलं की फुली आणि मन खराब असलं की गोल करायला लागले. पहिल्या महिन्यात वाटलं गोल फुलीच्या मागेपुढेच येणार. तसं नव्हतं. फुल्या नऊ होत्या आणि गोल तेवीस. ज्या दिवशी डोकं अजिबात दुखत नव्हतं त्या दिवशीही गोल होता.

डॉक्टर लोक जो निकष वापरतात तो असा की मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, यातलं एक तरी जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ, आणि सलग दोन आठवडे असेल, आणि सोबत झोप, भूक, थकवा, अपराधी वाटणं, लक्ष न लागणं असं काही असेल तर डिप्रेशनचा विचार करायचा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी असते, २७ पैकी गुण, १० किंवा वर आले तर डॉक्टरांशी बोला. पाच मिनिटं लागतात. एक अडचण मात्र आहे, त्यातले झोप-थकवा-भूक हे प्रश्न नुसत्या मायग्रेननेही वर जाऊ शकतात, म्हणून आकडा हे निदान समजू नका.

एमआरआय नॉर्मल आला. मग हे सगळं मनाचेच खेळ आहेत का?

नाही हो. मायग्रेनमध्ये एमआरआय नॉर्मलच येतो बहुतेक वेळा, कारण बिघाड मेंदूच्या कामकाजात असतो, त्याचा गाठीसारखा फोटो निघत नाही. नॉर्मल रिपोर्ट बघून घरचे म्हणतात 'बघ, काही नाहीये तुला', आणि तिथेच माणूस एकटा पडायला लागतो.

पण काही डोकेदुख्या वेगळ्या असतात, त्यात वेळ घालवू नका. एका मिनिटात एकदम वीज कोसळल्यासारखं दुखणं, ताप आणि मान आखडणं, हात-पाय लुळे पडणं किंवा जीभ अडखळणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं, गरोदरपणात नव्याने आलेलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. यातलं काहीही असलं तर ताबडतोब दवाखाना.

मायग्रेनच्या गोळीमुळेच डिप्रेशन येऊ शकतं का?

येऊ शकतं, आणि हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

मला एका डॉक्टरांनी फ्लुनारिझिन दिलं होतं, रात्री झोपताना एक गोळी. आपल्याकडे हे खूप दिलं जातं, स्वस्त आहे आणि काम करतं, माझंही केलं, दोन महिन्यांत महिन्याचे आठ अटॅक तीनवर आले. वजन वाढलं तेवढं सोडून दिलं. चौथ्या महिन्यात सकाळी उठावंसंच वाटेना. एक दिवस कुकर लावायचा म्हणून तूरडाळ धुवायला घेतली, पातेलं नळाखाली धरलं आणि तशीच उभी राहिले. पाणी ओसंडून चाललंय, डाळ सिंकमध्ये वाहून चाललीय, मला दिसतंय सगळं, आणि नळ बंद करायला हात उचलावा असं वाटतच नाहीये. लेक आली आणि तिने नळ बंद केला. आठ वर्षांची होती तेव्हा. काही बोलली नाही, जाळीत अडकलेली डाळ बोटाने गोळा करत बसली.

फ्लुनारिझिनने काही लोकांना डिप्रेशन येतं, विशेषतः ज्यांना आधी होऊन गेलंय त्यांना, आणि अशांना ते देऊ नये असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. मला बाळंतपणानंतर काही महिने असं होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, डोक्याच्या डॉक्टरला बाळंतपणातलं रडू कशाला सांगायचं असं वाटलं. पुढे दुसऱ्याच एका कारणाने आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, त्यांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलवर ठेवायला लावली आणि एक पाकीट उचलून विचारलं की ही कधीपासून चालू आहे. मग त्यांनीच फोन करून ती बंद करवली. ते औषध अंगातून जायला काही आठवडे लागतात, त्यामुळे फरक हळू पडला, आणि पूर्ण पडलाही नाही, सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जावंच लागलं.

टोपिरामेट हेही मायग्रेनचं चांगलं औषध आहे पण काहींचं मन त्याने खाली जातं, शब्द आठवत नाहीत, आणि या गटातल्या औषधांनी आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा इशारा एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, २००८ मध्येच दिलाय. प्रोप्रॅनोलॉलबद्दलही पूर्वी असं म्हणायचे, पण नंतरच्या अभ्यासांत ते तितकंसं खरं ठरलं नाही, फक्त दमा असेल तर ते चालत नाही.

हे वाचून गोळी आज रात्रीपासून बंद करू नका. अचानक थांबवल्याने काही गोळ्यांचा त्रास होतो. डॉक्टरांना फोन करा आणि स्पष्ट विचारा की याने मूडवर परिणाम होतो का.

न्यूरॉलॉजिस्टने दिलेली गोळी गूगल केली तर ती डिप्रेशनची निघाली. डॉक्टरांना मी वेडी वाटले का?

ही बहुतेक अमिट्रिप्टिलिन असणार. वापरात आलं ते डिप्रेशनसाठीच, पण छोट्या डोसमध्ये, म्हणजे रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅम, ते अर्धशिशीचे अटॅक कमी करतं आणि झोपही लावतं. डिप्रेशनसाठी त्याचा डोस बराच मोठा लागतो. म्हणून १० मिलिग्रॅम घेऊन 'माझ्या डिप्रेशनवर पण चालू आहे' असं समजू नका, आणि डॉक्टरांनी गुपचूप डिप्रेशनची गोळी दिली असंही समजू नका. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती असते, थोडं वजन वाढतं.

दोन्हीसाठी एकच औषध हवं असेल तर वेनलाफॅक्सिनचा विचार डॉक्टर करतात. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनवर चांगली आहेत पण मायग्रेन थांबवायला फारशी उपयोगी नाहीत, म्हणून कितीतरी जणांना दोन वेगळी औषधं लागतात, मलाही दोनच आहेत. डिप्रेशनच्या गोळीचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात उलट डोकं दुखू शकतं, तिथेच बरेच जण सोडून देतात.

अजून एक गोष्ट जी लोक लपवतात. मधूनमधून अगदी उलटं होत असेल, झोप न लागता जोर चढणं, भरमसाठ खरेदी, तोंडाचा पट्टा थांबत नाही, तर ते नक्की सांगा. बायपोलर आजारातही मायग्रेन जास्त दिसतं आणि तिथे नुसती डिप्रेशनची गोळी महागात पडू शकते.

डिप्रेशनची गोळी चालू असताना मायग्रेनची ट्रिप्टान घेतली तर चालते का?

ट्रिप्टान म्हणजे अटॅक आला की घ्यायच्या मायग्रेनच्या गोळ्यांचा गट. मेडिकलवाला यावर हमखास भुवया उंचावतो, कारण २००६ मध्ये एफडीएने सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे अंगात सेरोटोनिन फार वाढून होणाऱ्या त्रासाचा, इशारा दिला होता. नंतर दोन्ही औषधं एकत्र मिळालेल्या जवळपास १९ हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१८ मध्ये आला, आणि धोका अगदीच विरळा निघाला. त्यामुळे सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान डॉक्टर सर्रास देतात, तुम्ही काय काय घेताय ते त्यांना माहीत असलं म्हणजे झालं. हृदयविकार किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्यांना मात्र ट्रिप्टान चालत नाही.

पेनकिलर किती घेतली तर चालते?

मोजून. साधी पेनकिलर, म्हणजे पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन वगैरे, महिन्यातले १५ दिवस किंवा जास्त, आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन (मायग्रेनचं जुनं औषध) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकेदुखी बनते. सकाळी उठतानाच डोकं जड, गोळी घेतली की दोन तास बरं, पुन्हा जड. मनाने खचलेला माणूस या चक्रात जास्त अडकतो, कारण गोळीने दुखणंच नाही तर धास्तीही थोडा वेळ कमी होते. माझ्या पर्समध्ये, उशीखाली, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, नवऱ्याच्या गाडीत, सगळीकडे पाकिटं असायची. एर्गोटामिनवाल्या गोळ्या आपल्याकडे न विचारता मिळतात, त्यांच्याबाबतीत फार जपा. बंद करताना पहिले काही दिवस डोकं जास्त दुखतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊ की सायकिअ‍ॅट्रिस्टकडे?

आधी ज्याची अपॉइंटमेंट मिळेल त्याच्याकडे. पण जिथे जाल तिथे दोन्ही गोष्टी सांगा. हे मी कळकळीने सांगतेय कारण माझं सगळं नुकसान इथेच झालं. डोक्याच्या डॉक्टरला सांगा की रडू येतं, झोप लागत नाही, पूर्वी असं होऊन गेलंय, माहेरी कुणाला होतं. मनाच्या डॉक्टरला सांगा की महिन्यात इतके दिवस डोकं दुखतं आणि इतक्या गोळ्या खाते. दोन्ही फायली एकाच पिशवीत ठेवा. ओपीडीत तीन मिनिटं मिळतात हे मला माहितीये, म्हणून कागदावर चार ओळी लिहून न्या आणि तो कागद आधी पुढे करा.

'वेड्यांचा डॉक्टर' हा शब्द अजूनही ऐकू येतो. निम्हान्सच्या, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या, २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २० जणांत एकाला कधी ना कधी डिप्रेशन झालेलं निघालं, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये दोन-तीन जण सहज असतील. गावात सायकिअ‍ॅट्रिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, चौकशी करा. आणि मानसिक त्रासासाठी सरकारचा टेलिमानस हेल्पलाइन नंबर आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

उपास, ऊन, न्हाणं, उदबत्ती, सगळ्यानेच डोकं उठतं. मग काय काय सोडायचं?

सगळं सोडू नका, हे मी चुकून शिकलेय.

ट्रिगर, म्हणजे अटॅक उठवणाऱ्या गोष्टी, असतात, आणि आपले आपले असतात. केस धुतल्यावर अर्धशिशी उठते हे बाहेरच्या देशातल्या पुस्तकांत फारसं नसायचं, मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ भारतीय पेशंटांवर २००६ मध्ये सेफालाल्जिया जर्नलमध्ये लिहिलं. आज्जी म्हणायची केस ओले ठेवू नकोस डोकं धरेल, ते काही उगाच नव्हतं. उपाशी राहणं हा तर फार मोठा ट्रिगर. संकष्टीला चंद्रोदय नऊ-साडेनऊचा आणि माझं डोकं संध्याकाळी पाचलाच उठायचं, मोदक वळायचे मी आणि खायचे बाकीचे. आता मी संकष्टी करते पण दुपारी व्यवस्थित खाते, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे, दही, काहीही. सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं, आता त्याच डबा पुढे करतात.

पण एका काळात मी इतकं टाळायला लागले की गणपतीत ढोल म्हणून बाहेर नाही, लग्नात अत्तर म्हणून नाही, सिनेमा उजेड-आवाज म्हणून नाही, मैत्रिणींकडे जेवायला उशीर होतो म्हणून नाही, आणि वर्षभरात माझ्या आयुष्यात ऑफिस आणि बेडरूम एवढंच उरलं. अटॅक एखाद-दोनच कमी झाले. मन मात्र पार तळाला गेलं. माझ्या थेरपिस्टने ती यादी घेऊन एकेक परत आणायला लावली, आधी अर्धा तास मैत्रिणीकडे, मग तासभर. झोपेची आणि जेवणाची वेळ मात्र काटेकोर ठेवायची, रविवारीसुद्धा, त्यात सूट नाही.

पहाटे सूर्योदयाआधी जिलेबी-दूध खाल्लं तर अर्धशिशी जाते म्हणतात?

खायला माझा विरोध नाही, अटॅक सुरू व्हायच्या आत पोटात काहीतरी जातं एवढा त्याचा फायदा होत असेलही. मधुमेह असेल तर नको. फक्त यावर विसंबून वर्षं घालवू नका.

पाळीच्या वेळी दोन्ही वाढतं. काय करू?

इस्ट्रोजेन खाली येतं तेव्हा, म्हणजे पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत, अटॅक जास्त येतात आणि मूडही त्याच दिवसांत घसरतो. तारखा लिहून डॉक्टरांना दाखवल्या तर तेवढ्या दिवसांपुरतं औषध देता येतं. ऑरा असेल तर इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत, स्ट्रोकचा धोका वाढतो, स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑराबद्दल आपणहून सांगा कारण तिथे कोणी विचारत नाही. दिवस राहिल्यावर बऱ्याच जणींचं मायग्रेन पुढच्या महिन्यांत कमी होतं. मूल हवं असेल तर ते औषध सुरू करायच्या आधीच बोला, व्हॅल्प्रोएट (हेही मायग्रेनसाठी देतात) आणि टोपिरामेट बाळाला धोक्याची आहेत. आणि बाळंतपणानंतर सारखं रडू येत असेल तर ते लिहून ठेवा, पुढे कामी येतं.

योगा, व्यायाम, थेरपी याने खरंच फरक पडतो?

पडतो, औषधांसोबत. दिल्लीच्या एम्समध्ये औषध घेणाऱ्या मायग्रेनच्या पेशंटांचे दोन गट केले, एकाला नुसतं औषध आणि दुसऱ्याला औषध अधिक योग, तर दुसऱ्या गटाचे अटॅक जास्त कमी झाले, २०२० मध्ये तो अभ्यास आला. चालणं डिप्रेशनवरही उपयोगी आहे. सीबीटी नावाची थेरपी दोन्हीवर चालते, त्यात 'आज डोकं उठणार आणि सगळं वाया जाणार' असे जे विचार सकाळीच सुरू होतात ते पकडायला शिकवतात. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाहीये त्याला सूर्यनमस्कार घाल म्हणू नका, प्लीज. आधी औषधाने उभं राहू द्या.

मरून जावंसं वाटतं, डोकं तरी थांबेल. कुणाला सांगू?

आत्ता, लगेच, जवळच्या एका माणसाला सांगा, आणि १४४१६ ला फोन करा. मायग्रेन आणि डिप्रेशन एकत्र असताना असे विचार येण्याचं प्रमाण जास्त असतं, तुम्ही कमकुवत आहात म्हणून येत नाहीत. अटॅकच्या टोकाला येणारा विचार अटॅक उतरल्यावर बऱ्याचदा उतरतो, म्हणून त्या वेळात एकटं राहू नका, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्या. मी माझी अमिट्रिप्टिलिनची पाकिटं दीड वर्ष नवऱ्याच्या कपाटात ठेवली होती, आठवड्याच्या सातच गोळ्या माझ्याकडे. जीव द्यायची तयारी झालेली असेल, काही करून बसला असाल, तर थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस ताणाखाली होता असंच धरतात आणि त्याला शिक्षा करत नाहीत, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने घरात लपवून ठेवू नका.

मेडिक्लेममध्ये डिप्रेशन बसतं का?

त्याच कायद्यात आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. ओपीडी आणि थेरपीचा खर्च प्रत्येक पॉलिसीत नसतो, ते नीट वाचून घ्या.

घरात कुणाला हे दोन्ही असेल तर आम्ही काय करायचं?

अटॅकच्या वेळी प्रश्न विचारू नका. पडदे ओढा, कुकर दुसऱ्या खोलीपर्यंत ऐकू येणार असेल तर शिट्ट्या थोड्या वेळाने होऊ द्या, फोडणी नंतर घाला, पाण्याचा तांब्या आणि उलटीसाठी भांडं ठेवा, आणि निघून या. अटॅक नसताना मात्र उलट करा, खोलीत जा, बसा, चला खाली दोन फेऱ्या मारू म्हणा. माझा नवरा आधी बरोबर याच्या विरुद्ध वागायचा, अटॅकमध्ये दर दहा मिनिटांनी 'आता कसं वाटतंय' आणि एरवी 'तिला आराम करू दे'. तुला बरं असतं तरी कधी, हे वाक्य घरात बंद करा. आणि पुरुषांकडेही लक्ष ठेवा, त्यांचं डोकं दुखतं तेव्हा चिडचिड दिसते, रडू दिसत नाही, आणि डिप्रेशनमध्येही तसंच.

हे कधी पूर्ण बरं होतं का?

डिप्रेशनमधून माणसं चांगली बाहेर येतात, काहींना परत येतं, तेव्हा लवकर ओळखता आलं तर लवकर आवरतं. अर्धशिशी मुळासकट जाईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे पैसे भरू नका, पण ती खूप कमी होते, वयानुसारही उतरते. गोळ्यांनी जमलं नाही तर क्रॉनिक मायग्रेनला बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, दर १२ आठवड्यांनी, आणि मायग्रेनचं दुखणं वाढवणाऱ्या सीजीआरपी या रेणूला अडवणारी नवी इंजेक्शनंही आलीयेत, महाग आहेत. यातल्या फ्रेमानेझुमॅबचा अभ्यास मायग्रेन आणि डिप्रेशन दोन्ही असलेल्या लोकांवर मुद्दाम केला गेला आणि दोन्हीत फरक दिसला, डिप्रेशनमध्ये थोडाच, पण दिसला.

माझं म्हणाल तर मागच्या महिन्याच्या पानावर दोन फुल्या आहेत आणि चार गोल. एक गोल मी काढलेला नाही, लेकीने काढलाय, माझा चेहरा बघून, आणि बाजूला छोट्या अक्षरात लिहिलंय 'आई, आज दूध मी घेते'.